एब्रोकाठचे पोलिश, वळिवड्याचे पोलिश

कोल्हापूरच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे: "आमची आजी वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश बायकांच्या गोष्टी सांगायची. आता वाचनात आले की स्पेनच्या यादवी युद्धात हजारो पोलिश स्वयंसेवक लढले. हे लोक कोण? परक्यांच्या भांडणात ते का पडले? कुणी त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणते, कुणी स्टालिनचे हस्तक. खरे काय? आणि पोलंडने त्यांना परत का घेतले नाही?"

तीसेक वर्षे मी आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला आणि त्यातला बराच काळ या स्वयंसेवकांच्या कागदपत्रांत गेला. त्या अनुभवावरून सांगतो, उत्तराची सुरुवात 'पोलिश' या शब्दापासून करावी लागते. सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

आकडा साधारण साडेचार ते पाच हजारांचा धरतात. स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला जगभरातून जे परदेशी आले, त्यांत फ्रेंचांखालोखाल जे मोठे गट होते त्यांपैकी हा एक. पण 'पोलंडहून पाच हजार लोक निघाले' असे चित्र डोळ्यांपुढे आणले तर ते चूक ठरेल. पोलंडमधून थेट निघालेले थोडे, काही शेकड्यांत मोजावे इतकेच. बाकीचे आधीच देशाबाहेर होते. उत्तर फ्रान्सच्या आणि बेल्जियमच्या कोळसा खाणी, पॅरिसचे शिंपीकामाचे आणि चामड्याचे छोटे कारखाने, अँटवर्पचे बंदर, ही त्यांची ठिकाणे. शिवाय 'पोलिश' म्हणून नोंदलेल्यांत ज्यू होते, युक्रेनी होते, बेलारूसी होते. त्या काळच्या पोलंडची जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या पोलिशेतर होती, आणि या स्वयंसेवकांत ते प्रमाण आणखी जास्त दिसते. एकाच खंदकात पोलिश, यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा), युक्रेनी आणि खाणीतली मोडकीतोडकी फ्रेंच, असा सगळा कालवा.

खाणींचे थोडे सविस्तर सांगतो, कारण 'का गेले' याचे निम्मे उत्तर तिथे सापडते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तरुण माणसे मेली आणि उत्तरेकडच्या खाणी उद्ध्वस्त झाल्या. १९१९ साली फ्रान्सने पोलंडशी करार करून मजूर आणायला सुरुवात केली. १९३१ च्या जनगणनेपर्यंत फ्रान्समध्ये पाच लाखांच्या आसपास पोलिश नागरिक होते. त्यांच्या वसाहती वेगळ्या, दुकाने वेगळी, पाद्री पोलंडहून आलेले. मग मंदी आली. कामगार कमी करायचे ठरले की यादीत पहिली नावे पोलिश मजुरांची असत. १९३४ च्या ऑगस्टमध्ये लफोरे गावच्या खाणीत पोलिश खाणकामगारांनी जमिनीखालीच ठाण मांडले. सरकारने पुढाऱ्यांना बायकामुलांसह, हातात मावेल तेवढ्या सामानानिशी आगगाडीत बसवून पोलंडला पाठवून दिले. त्या संपापायी हाकलल्या गेलेल्यांत एदवार्द ग्येरेक नावाचा एक तरुण होता. तो स्पेनला गेला नाही, म्हणून आपल्या गोष्टीत तो पाहुणाच. पण १९७० मध्ये तो पोलंडचा सर्वोच्च नेता झाला, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

म्हणजे १९३६ साली उत्तर फ्रान्समधल्या लाँसच्या खाणीतल्या माणसाची स्थिती अशी होती: जन्मगावी पोटाला नाही म्हणून बाहेर पडलेला, आणि जिथे पडला तिथे कधीही हाकलला जाऊ शकणारा. पोलंडमध्ये कम्युनिस्ट पक्ष बेकायदा होता. १९३४ पासून बेरेझा कार्तुस्का इथे सरकारने अशी छावणी उघडली होती की तिथे खटल्याशिवाय माणूस डांबता येई. ज्यू कामगाराच्या बाबतीत याच्या जोडीला शेजारी हिटलर. अशा माणसाला स्पेनचे भांडण 'परक्याचे' वाटले नाही, यात मला नवल वाटत नाही.

यादवी हा आपला शब्द महाभारतातून आला. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून संपले, आणि त्या कथेत बाहेरचा कुणी नाही. स्पेनमध्ये मात्र १९३६ च्या जुलैत बंड झाल्यावर पंधरवड्याच्या आत बंडखोर सेनापती फ्रँकोकडे जर्मन आणि इटालियन विमाने आली होती. त्याची मोरोक्कोतली फौज त्यांनीच समुद्रापलीकडे उतरवली. शरद ऋतूत प्रजासत्ताकाकडे सोव्हिएत रणगाडे आले. तेव्हा ही निव्वळ यादवी फार दिवस राहिलीच नव्हती.

पहिले पोलिश लढवय्ये तर कुणी बोलावण्याआधीच तिथे होते. बर्लिनच्या ऑलिंपिकला पर्याय म्हणून बार्सिलोनात १९३६ च्या जुलैत कामगारांचे ऑलिंपिक भरणार होते. उद्घाटनाच्या दिवशीच शहरात गोळीबार सुरू झाला. अँटवर्पहून आलेला एमानुएल मिंक हा पोलिश ज्यू खेळाडू तिथेच थांबला आणि त्याने बंदूक उचलली. ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या आल्बासेते इथे आंतरराष्ट्रीय ब्रिगेडांचा, म्हणजे परदेशी स्वयंसेवकांच्या पलटणींचा, तळ उघडला आणि भरतीला शिस्त आली. पॅरिसला नाव नोंदवायचे, आगगाडीने पेर्पिन्यांपर्यंत यायचे आणि पुढे सरहद्द ओलांडायची. १९३७ च्या फेब्रुवारीत स्वयंसेवकांवर आंतरराष्ट्रीय बंदी आल्यावर हे ओलांडणे रात्रीचे, पायी आणि पिरेनीज पर्वतावरून होऊ लागले. बूट वाजतात म्हणून पायात दोरीच्या तळाचे कापडी जोडे. पलीकडे उतरल्यावर फिगेरासचा किल्ला, तिथून आल्बासेते. पोलंडमधून निघणाऱ्याला याच्या आधी चोरून तात्रा डोंगर ओलांडून चेकोस्लोव्हाकियात शिरावे लागे, आणि पुष्कळ जण वाटेतच पकडले जात.

लढायांचा मी झरझर आढावा घेतो. त्यांच्या तपशिलावर भरपूर लिहिले गेले आहे आणि तुमचा प्रश्न तो नाही. ८ नोव्हेंबर १९३६ रोजी अकरावी ब्रिगेड माद्रिदमध्ये शिरली तेव्हा तिच्यात तीन बटालियन होत्या: एक जर्मन, एक फ्रेंच-बेल्जियन आणि तिसरी पोलिशांची, 'दोंब्रॉव्स्की'. फ्रँकोची फौज मान्सानारेस नदी ओलांडून विद्यापीठाच्या परिसरात घुसली. तिथल्या कासा दे वेलास्केस या इमारतीत दोंब्रॉव्स्कीची एक कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. (शेजारी तत्त्वज्ञान विभागाच्या इमारतीत फ्रेंच बटालियनमधल्या इंग्रजांनी खिडक्यांना जाडजूड ग्रंथ रचून आडोसा केला होता. त्यांत भारतीय तत्त्वज्ञानाचे खंडही होते, आणि गोळी अडवायला ते उत्तम ठरले असे सांगतात. आपल्या आचार्यांना हा उपयोग ठाऊक नव्हता.) पुढे १९३७ च्या फेब्रुवारीत हारामा आणि मार्चमध्ये ग्वादालाहारा. तिथे मुसोलिनीने पाठवलेल्या इटालियन पलटणींसमोर प्रजासत्ताकाच्या बाजूचे इटालियन आणि त्यांच्याच ब्रिगेडमधले पोलिश उभे होते, आणि मुसोलिनीचे लोक मागे हटले. उन्हाळ्यात उएस्का, ब्रुनेते, सारागोसा. याच सुमारास पोलिशांची स्वतंत्र ब्रिगेड झाली, तेरावी. १९३८ च्या वसंतात आरागॉनची भीषण माघार, आणि २४-२५ जुलैच्या रात्री एब्रो नदी ओलांडून शेवटची चढाई. तेरावी ब्रिगेड गांदेसाच्या जवळ जाऊन पोहोचली, गांदेसा पडले नाही. त्या वेळेपर्यंत या 'पोलिश' ब्रिगेडमधले बहुतेक शिपाई स्पॅनिश तरुण होते. मेलेल्यांच्या जागा भरायला आणखी पोलिश यायचे कुठून?

आता नावांकडे वळतो. मला स्वतःला या विषयाची गोडी नावांनी लावली.

बटालियनचे नाव यारोस्वाफ दोंब्रॉव्स्की याचे. नवखा वाचक इथे हमखास चुकतो. पोलंडच्या राष्ट्रगीतात ज्या सेनापतीला हाक मारली आहे तो यान हेन्रिक दोंब्रॉव्स्की वेगळा. त्याने १७९७ मध्ये इटलीत पोलिश पलटणी उभारल्या. हा यारोस्वाफ झारच्या सैन्यातला अधिकारी. १८६३ च्या उठावाच्या तयारीत असताना पकडला गेला, हद्दपारीच्या वाटेवर निसटला, फ्रान्सला पोहोचला आणि १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या बंडखोर नगरसत्तेत, सेनापती म्हणून लढताना मेच्या अखेरीस रस्त्यावरच्या अडथळ्यापाशी मारला गेला. हे नाव निवडण्यात शहाणपण होते. उठाववाला म्हणून देशभक्तांना तो आपला, कम्यूनवाला म्हणून कम्युनिस्टांना आपला, आणि फ्रान्समध्ये मेलेला पोलिश म्हणून खाणकामगारांना तर फारच आपला. या बटालियनवरून सगळ्याच पोलिश स्वयंसेवकांना 'दोंब्रॉव्श्चाक' म्हणू लागले.

तेराव्या ब्रिगेडमधल्या दुसऱ्या एका बटालियनचे नाव होते 'पालाफोक्स'. होसे पालाफोक्सने १८०८-०९ मध्ये नेपोलियनच्या वेढ्याविरुद्ध सारागोसा लढवले. आणि तो वेढा घालणाऱ्या नेपोलियनच्या सैन्यात कोण होते? व्हिस्तुला नदीच्या नावाने ओळखली जाणारी पोलिश पलटण. नेपोलियन आपल्याला आपला देश मिळवून देईल या आशेने पोलिशांनी स्पॅनिशांचे स्वातंत्र्य तुडवायला मदत केली होती. सवाशे वर्षांनी त्याच सारागोसाच्या परिसरात पोलिश परत आले ते पालाफोक्सच्या नावाखाली. नाव ठेवणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता असे मानणे मला जड जाते.

तिसरे नाव 'बोतविन'. १९३७ च्या डिसेंबरमध्ये पालाफोक्स बटालियनमध्ये ज्यूंची वेगळी कंपनी निघाली. तिला नाफ्ताली बोतविनचे नाव दिले. पोलिसांच्या एका खबऱ्याला गोळी घातल्याबद्दल ल्वूफ शहरात १९२५ मध्ये मृत्युदंड दिला गेलेला हा विशीतला कम्युनिस्ट. कंपनीचे स्वतःचे यिद्दिश वार्तापत्र होते. ज्यू स्वयंसेवक जवळजवळ प्रत्येक तुकडीत विखुरलेले होते. तरी 'आम्ही ज्यू म्हणून लढलो' हे दिसावे, असा हा हट्ट होता. हिटलरच्या विमानांविरुद्ध उघडपणे ज्यू म्हणून उभी राहिलेली ही तुकडी वॉर्साच्या घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या) १९४३ च्या उठावाच्या पाच वर्षे आधीची, हे लक्षात घ्या. युक्रेनींचीही तारास शेवचेन्को या त्यांच्या कवीच्या नावाने अशीच कंपनी होती.

आणि घोषवाक्य: 'तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी'. हे १८३१ मध्ये वॉर्साच्या मोर्चात पहिल्यांदा फडकले. झारविरुद्ध उठलेल्या रशियन अधिकाऱ्यांना आदरांजली वाहण्यासाठी निघालेला तो मोर्चा होता, म्हणून एका बाजूला पोलिश आणि दुसऱ्या बाजूला रशियन भाषा. तेव्हा क्रम 'आमच्या आणि तुमच्या' असा होता. स्पेनमधल्या निशाणांवर 'तुमच्या' आधी आले.

'हस्तक' या आरोपाविषयी स्पष्टच बोलतो. आंतरराष्ट्रीय ब्रिगेडांची उभारणी मॉस्कोच्या कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मध्यवर्ती संघटनेने, केली, यात वादाला जागा नाही. वरचे सेनाधिकारी, राजकीय कमिसार, कोण 'विश्वासू' आणि कोण 'संशयित' याच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, सगळे त्यांच्या हातात. 'जनरल व्हाल्टर' या टोपणनावाने लढलेला कारोल श्व्येर्चेव्स्की जन्माने वॉर्साचा. पण १९२० च्या युद्धात तो लाल सैन्याच्या बाजूने पोलंडविरुद्ध लढला होता आणि स्पेनला आला तो सोव्हिएत अधिकारी म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पोलंडमध्ये उपसंरक्षणमंत्री झाला, १९४७ मध्ये युक्रेनी बंडखोरांच्या हल्ल्यात मेला आणि पुढे ५० झ्वॉटींच्या नोटेवर चढला. आजच्या पोलंडमध्ये स्पेनच्या स्वयंसेवकांवर राग धरणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा हाच चेहरा असतो.

पण श्व्येर्चेव्स्कीच्या मापाने लाँसचा खाणकामगार मोजू नये. कागदपत्रांत 'का आलात' या प्रश्नापुढे जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर लिहिले आहे: फॅसिझमशी लढायला. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो रकाना सोडून द्यायला सांगतो. पक्षाच्या माणसासमोर बसून भरलेला तो रकाना. त्यापेक्षा व्यवसाय बघा, निघाले ते गाव बघा, शेवटची नोकरी कधी सुटली ते बघा आणि नागरिकत्वाचा रकाना बघा. पक्षाने धाडलेला, बेकारीला कंटाळलेला, हिटलरला घाबरलेला, मित्र गेला म्हणून गेलेला, असे सगळे तिथे भेटतात. पुष्कळदा हे सगळे एकाच माणसात असते.

नागरिकत्वाच्या रकान्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. पोलंडच्या १९२० च्या कायद्यात कलम ११ होते: सरकारच्या परवानगीशिवाय परक्या सैन्यात नोकरी धरली की नागरिकत्व गेले. स्पेनला गेलेल्यांवर हेच कलम चालवले गेले. गंमत अशी की पोलंड सरकार त्याच वेळी त्याच प्रजासत्ताकाला शस्त्रे विकत होते. कागदोपत्री पोलंड हस्तक्षेप न करण्याच्या आंतरराष्ट्रीय समितीत होता. प्रत्यक्षात मध्यस्थांमार्फत जुन्या बंदुका आणि दारूगोळा रोख परकीय चलनात, चढ्या भावाने जात होता. सोव्हिएत संघाखालोखाल प्रजासत्ताकाला सर्वाधिक शस्त्रे पोलंडकडून मिळाली असे अभ्यासक मानतात. म्हणजे पोलंडने विकलेली बंदूक हातात धरल्याबद्दल पोलंडने नागरिकत्व काढून घेतलेला माणूस, हे चित्र अजिबात अशक्य नव्हते.

दुसरा घाव मॉस्कोने घातला. पोलिश कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी १९३७-३८ च्या शुद्धीकरणात एकेक करून गोळ्या घालून संपवले गेले. स्पेनमधूनही काहींना 'सल्लामसलतीसाठी' परत बोलावले. आल्बासेतेच्या तळावर काम केलेला काझिमिएश चिखोव्स्की असाच गेला आणि मारला गेला. १९३८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे दोंब्रॉव्श्चाक एब्रोच्या पलीकडच्या उघड्या टेकड्यांवर तोफांचा मारा खात होते त्याच महिन्यात, कॉमिन्टर्नने पोलिश पक्ष 'हेरांनी पोखरलेला' म्हणून बरखास्त केला. ज्या पक्षापायी देश गेला, तो पक्षही गेला. त्यांना नुसते प्यादे म्हणणाऱ्याला मी एवढेच विचारतो: खेळणाऱ्याने आपलेच प्यादे पटावरून असे उचलून फेकले, तर ते त्याच्या बाजूचे किती होते?

२१ सप्टेंबर १९३८ रोजी स्पेनचे पंतप्रधान नेग्रीन यांनी जिनिव्हात जाहीर केले की परदेशी स्वयंसेवक परत पाठवले जातील. २८ ऑक्टोबरला बार्सिलोनात निरोपाची मिरवणूक निघाली, फुले पडली, भाषणे झाली. फ्रेंच, इंग्रज, अमेरिकन हळूहळू घरी गेले. पोलिश, जर्मन आणि इटालियन जाणार कुठे? ते कॅटालोनियातल्या गावांत थांबून राहिले, आणि १९३९ च्या जानेवारीत बार्सिलोना पडायला आले तेव्हा यांच्यातल्याच शेकड्यांनी पुन्हा हत्यार उचलले. पळणाऱ्या जनतेच्या मागे उभे राहून फेब्रुवारीत त्यांनी फ्रान्सची सरहद्द ओलांडली. सरहद्दीवर बंदुका टाकून घेतल्या गेल्या आणि माणसे सें-सिप्रियां आणि आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर काटेरी तारेच्या आत सोडली. सुरुवातीला छप्पर नव्हते, लोक वाळूत खड्डे खणून झोपत. मग ग्युर्स, मग ल व्हेर्ने, आणि काहींच्या नशिबी अल्जीरियाच्या वाळवंटातली जेल्फा छावणी.

इथे आपल्याकडचा एक माणूस आठवतो. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले, तिथे विचार पालटले आणि 'जॉन स्मिथ' या नावाने ब्रिटिश बटालियनमधून स्पेनला गेले. १९३८ च्या वसंतातल्या त्याच आरागॉनच्या माघारीत गांदेसाच्या भागात ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातल्या तुरुंगात पडले. ते त्याच वर्षी सुटून मायदेशी आले. ब्रिटिश साम्राज्याशी लढू पाहणाऱ्या माणसामागे निदान कागदावर तरी ब्रिटिश साम्राज्य उभे होते. पोलिश कैद्याविषयी चौकशी करायला असे कुणीच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात हे लोक पांगले. झामोश्चचा योसेफ एपस्टाइन स्पेनमध्ये लढून फ्रान्सला परतला, पॅरिस भागातल्या सशस्त्र प्रतिकाराचा 'कर्नल जील' झाला आणि ११ एप्रिल १९४४ रोजी माँ-व्हालेरियांच्या किल्ल्यात जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. पिंकुस कार्टिन वॉर्साच्या घेट्टोत शिरला, १९४२ मध्ये तिथे लढाऊ गट बांधायला त्याने सुरुवात केली आणि त्याच वर्षी तो मारला गेला. जे वाचले आणि १९४५ नंतर पोलंडला परतले, त्यांच्यातले काही नव्या राजवटीच्या सैन्यात आणि गुप्त पोलिसांत वर चढले. हा भाग लपवू नये. त्या खात्याने केलेले छळ खरे आहेत, आणि काही दोंब्रॉव्श्चाक त्यात हात असलेले होते. पण तिथेही स्पेनचा शिक्का उलटला. पश्चिमेत राहून आलेले म्हणून १९५० च्या सुमारास हेच लोक संशयित ठरले. लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख राहिलेला वात्सवाफ कोमार १९५२ मध्ये स्वतः तुरुंगात गेला. पुढे तो बाहेर आला, आणि १९५६ मध्ये वारे फिरल्यावर स्पेनच्या स्वयंसेवकांसाठी सरकारने खास पदक काढले. पदकावर अर्थातच ते जुने घोषवाक्य.

पदकाला बारा वर्षे झाली आणि १९६८ उजाडले. पोलंड सरकारने 'झिओनिस्टविरोधी' म्हणून जी मोहीम काढली ती सरळ ज्यूंविरुद्धची होती. हजारो लोक देश सोडून गेले, त्यांत स्पेनचे म्हातारे स्वयंसेवकही होते. जाताना नागरिकत्वावर पाणी सोडावे लागे. हातात पडे तो प्रवासाचा एक कागद. त्यावर लिहिलेले असे की हा कागद बाळगणारा पोलंडचा नागरिक नाही. एकाच आयुष्यात पोलंडने दुसऱ्यांदा खोडलेली नावे ही. पहिल्यांदा उजव्या सरकारने खोडली, दुसऱ्यांदा त्यांच्याच लाल झेंड्याच्या सरकारने.

आता तुमच्या आजीच्या पोलिश शेजारणी. १९४३ ते १९४८ दरम्यान वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश राहिले. योगायोगाने स्पेनच्या स्वयंसेवकांइतकाच आकडा, पण गोष्ट अगदी उलट्या टोकाची. १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत संघाने बळकावला आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तिथली कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेली. त्यातून वाचून इराणमार्गे जे आपल्याकडे आले ते वळिवड्याचे लोक. त्यांच्या दृष्टीने 'सोव्हिएत' म्हणजे रात्री दारावर पडलेली थाप. त्यांच्या घरात एखाद्या लाल ब्रिगेडच्या शिपायाचे कौतुक होणे शक्य नव्हते, आणि त्यासाठी त्यांना मी दोष देणार नाही. शिवाय वळिवड्याच्या अनेकांनाही युद्धानंतर परतायला देश उरला नव्हता. गाव सोव्हिएत संघात गेलेले, वॉर्सात कम्युनिस्ट सरकार. त्यांतले पुष्कळ इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले.

पोलंडमधला आजचा वाद या दोन आठवणींचा आहे. २०१६ मध्ये तिथे कायदा झाला की कम्युनिझमचा गौरव करणारी रस्त्यांची नावे बदलायची. दोंब्रॉव्श्चाकांच्या नावाचे रस्ते त्यात आले. ग्दान्स्कमध्ये प्रांताधिकाऱ्याने तसला रस्ता दिवंगत राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांच्या नावाचा केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि जुने नाव परत आले. माझे मत विचाराल तर श्व्येर्चेव्स्कीचा पुतळा काढला तरी माझी तक्रार नाही. पण कासा दे वेलास्केसमध्ये मेलेला खाणकामगार १९४० च्या मालगाड्यांना जबाबदार नाही. तो तेव्हा जिवंतही नव्हता.

स्पेनने १९९६ मध्ये हयात स्वयंसेवकांना नागरिकत्व देऊ केले. अट एकच: आधीचे सोडा. म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांनी ते घेतले नाही. २००७ च्या कायद्याने ती अट काढली, तेव्हा घ्यायला फार थोडे उरले होते.

तुम्हाला स्वतः शोध घ्यायचा असेल तर ब्रिगेडांचे दप्तर मॉस्कोच्या राजकीय इतिहासाच्या अभिलेखागारात आहे, संग्रह क्रमांक ५४५, आणि त्याची पाने संगणकावर पाहता येतात. नाव टाकून शोधलेत तर बहुधा हाती काही लागणार नाही. एकाच माणसाचे नाव पोलिश कारकुनाने एक लिहिले, फ्रेंचाने दुसरे, स्पॅनिशाने तिसरे, आणि ते रशियन लिपीत जाऊन परत आले की चौथे. त्यावर टोपणनाव वेगळेच: बटालियनचा आणि नंतर ब्रिगेडचा सेनापती यान बार्विन्स्की हा मुळात युझेफ स्त्शेल्चिक. म्हणून जन्मगावावरून सुरुवात करा. नाव, वय, पक्ष, सगळे बदलून सांगणारा माणूसही गाव सहसा खरे सांगे.